मागच्या रांगेला पोचणारा फ्लॅश

दुकानात माणूस शिरतो, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकतो आणि विचारतो, "नाना, कुठला फ्लॅश घेऊ?" मी विचारतो, "कोणावर मारायचाय?" की गडी छताकडे बघतो. कॅमेरा घेतलेला असतो, पट्टा गळ्यात असतो, टोपीसुद्धा उलटी घातलेली असते. फक्त फोटो कसला काढायचा ते ठरवायचं राहिलेलं असतं. मुलगी बघायच्या आधी हॉल ठरवणारी ही जात.

रत्नागिरीच्या बाजारात माझा स्टुडिओ आहे. आता मुलगा बघतो म्हणतात, पण तो मोबाइल बघतो, दुकान मीच बघतो. माझी शाळा चौथीत सुटली. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही माझीच आहेत. त्यामुळे माझं शुद्धलेखन संपादकांनी खुशाल दुरुस्त करावं. फ्लॅशबद्दल जे लिहिलंय त्याला मात्र हात लावू नये.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुष्कळशा डिजिटल कॅमेऱ्यांच्या डोक्यात एक चिमुकला फ्लॅश जन्मापासूनच असतो. मी त्याला काजवा म्हणतो. जेवणाच्या ताटाचा फोटो काढायला बरा. त्याच्याने माणसाचे डोळे सशासारखे लाल होतात, आणि मागच्या भिंतीवर सावली अशी पडते की वाटावं, नवरीच्या पाठीमागे तिची सवत उभी आहे. म्हणून वेगळा फ्लॅश घ्यायचा. कॅमेऱ्याच्या टाळूवर लोखंडी खाच असते, तिच्यात तो सरकवून बसवायचा.

आता घेताना काय बघायचं? पहिली गोष्ट त्याचा पाय. खाचेत बसला म्हणजे जमलं असं नाही, प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याची बोली वेगळी आहे. बोली जुळली नाही तर फ्लॅश पेटतो, पण किती पेटायचं ते त्याला कळत नाही. मग बघायची मान. डोकं वर आणि बाजूला वळलं पाहिजे. न वळणारा फ्लॅश म्हणजे नवीन जावई, समोर वाढलेलं तेवढंच त्याला दिसतं. ताकदीचा एक आकडा खोक्यावर छापलेला असतो. तो स्थळाच्या पगारासारखा समजावा, थोडा कमी करूनच धरावा. आणि ताकद आपल्या हाताने कमी-जास्त करता आली पाहिजे. एकदा मारल्यावर पुन्हा भरायला किती वेळ लागतो तेही बघा, नाहीतर तो कुंईं करत बसतो आणि इकडे हार घालून, टाळ्या वाजवून माणसं पंगतीला गेलेली असतात.

शेवटची गोष्ट पुण्या-मुंबईचे लोक सांगणार नाहीत, कारण त्यांना समुद्र फक्त सुट्टीत लागतो. आमच्या खाऱ्या हवेत सेल आत ठेवून फ्लॅश कपाटात टाकला की पावसाळ्यानंतर आतून हिरवी बुरशी निघते. सेल काढून ठेवा. पायाखालचे पितळी ठिपके खोडरबराने पुसा.

एवढं सांगितल्यावर माणूस मान डोलावतो आणि विचारतो, "ते सगळं बरोबर, पण चांगला कुठला?"

धंद्यात नमुने भेटतात. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर एक साहेब मावळत्या सूर्यावर फ्लॅश मारत होते. मी तिथे एका साखरपुड्याच्या कामाला गेलो होतो. थोडा वेळ बघितलं, मग राहवेना. म्हटलं, "साहेब, त्याला पोचत नाही हो." ते म्हणाले, "नवीन आहे, पॉवरफुल आहे." मी म्हटलं, "सूर्य जुना आहे, पण तोही बरा आहे." बाईसाहेब हसल्या, साहेब हसले नाहीत.

मिरकरवाड्याच्या एका शेटला सुरमईचे फोटो हवे होते, परदेशी माल पाठवायला. त्याने स्वतःच समोरून फ्लॅश मारला. ओली सुरमई म्हणजे आरसाच. फोटोत मासा नाहीच, नुसती वीज चमकलेली. मला म्हणतो, "नाना, मासा खराब निघाला काय?"

आणि एक बोटीवरचा काका. हा काका रत्नागिरीत घराघरात असतो. जन्मभर बोटीवर नोकरी केलेली आणि कपाटात कुठल्यातरी बंदरावरून आणलेला जुना फ्लॅश, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून वास नवा. पुतण्याने तो नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवला. मी बजावलं होतं, "रोलच्या जमान्यातला फ्लॅश आहे, पायातून मोठा झटका सोडतो, कॅमेरा जाईल. आधी तपासून घे." काका म्हणाले, "आमच्या वेळच्या वस्तू अशा नसतात." खरंच नसतात. एकाच दणक्यात कॅमेरा गेला. फ्लॅश अजून चालू आहे, काका तो अभिमानाने दाखवतात.

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली ते सांगतो. फ्लॅशचा उजेड फार लांब जात नाही, आणि जाता जाता झपाट्याने आटतो. समोरच्याला जेवढा मिळतो त्याच्या दुप्पट अंतरावर उभ्या असलेल्याला त्याचा निम्मासुद्धा मिळत नाही, चतकोर मिळतो. पंगतीत वाढप्याजवळ बसलेल्याला जिलब्या आणि टोकाला बसलेल्याला पाक, तसा हा हिशोब. पंगतीत निदान ओरडता येतं. फोटोत ओरडून उपयोग नाही.

आत डोंगराकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, लिहिलं तर शेजारच्या गावाला वाटेल आपण सुटलो. तिथल्या शिमग्यातल्या पालखीचा फोटो वर्षानुवर्षं मीच काढत आलो. देवीला रूपं लागली, म्हणजे पालखीत चांदीचे मुखवटे बसले, आणि पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येऊन टेकली की दिवेलागणीला अख्खा गाव तिच्याभोवती उभा राहतो आणि फोटो होतो. उभं राहायचं ते मानाप्रमाणे. पुढे पहिल्या मानाचं घर, त्यांच्या मागे दुसऱ्या मानाचं, मग बाकीचे, आणि सगळ्यात मागे, फणसाखाली, तळ्याकडची वाडी. तळ्याकडची वाडी म्हणजे खालूबाजा वाजवणारी माणसं. ढोल त्यांचा, सनई त्यांची, त्यांच्यावाचून पालखी खांद्यावर चढत नाही. फोटोच्या वेळी मात्र फणसाखाली. मी पहिल्या वर्षापासून सांगत आलो, अर्धगोल करा, सगळे सारख्या अंतरावर येतील. दर वर्षी उत्तर एकच: "नाना, तुम्ही फोटो काढा. उभं कसं राहायचं ते देवीने ठरवलंय."

तर यंदा माघात त्या तळ्याकडच्या वाडीतली सुलोचना दुकानात आली. सखाराम ढोलवाल्याची सून. म्हणाली, "नाना, आमच्या मामंजींचा फोटो हवाय. पालखीबरोबरचा. मोठा करून."

"एकदम कसा काय आठवला?"

"त्यांचा खांदा गेलाय. हा शिमगा शेवटचा म्हणतात. पुढल्या साली ढोल थोरल्या दिरांच्या गळ्यात. मग मामंजी कशाला येतील फोटोत? घरात एक असावा म्हटलं."

मी कॉम्प्युटर उघडला. गेल्या साली, त्याच्या आदल्या साली, त्याच्या मागे. फणसाखालचा भाग मोठा करून बघितला. काळं. उजळवून बघितलं, तर काळ्याचं राखाडी झालं आणि त्यात मुंग्या आल्या.

"हा बघ," मी म्हटलं, "हा फेटा."

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "नाना, ही फांदी आहे."

फांदीच होती.

"म्हणजे इतक्या वर्षांत एकदापण नाही?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडायला येतं.

मी म्हटलं, "यंदा येईल."

हे बोलून बसलो आणि पंधरवड्यात गावाहून निरोप आला की यंदा फोटोला तुमची गरज नाही! गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने कॅमेरा भेट दिलेला होता. फक्त फ्लॅश घ्यायचा होता, तेवढा कुठला ते सांगायला या. म्हणजे नवऱ्याला घोड्यावरून उतरवला आणि त्यालाच विचारलं, घोडा कुठला घेऊ.

मी गेलो. दुसरा कोणी गेला नसता, म्हणून गेलो.

देवळात सभा बसली. मध्ये आप्पा, पहिल्या मानाच्या घरातले आणि समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष निवडून येतो, पण दर वेळी आप्पाच निवडून येतात. त्यांच्या बाजूला सतीश, मुंबई मंडळाचा चिटणीस, मोबाइलवर फ्लॅशची चित्रं उघडून बसलेला.

"नाना, मी सगळे रिव्ह्यू बघितलेत," सतीश म्हणाला. "हा बेस्ट आहे. फक्त डायरेक्ट मारायचा नाय, वरती छताला मारायचा. बाउन्स. सॉफ्ट लाइट येते."

मी विचारलं, "सहाणेवर छत कुठे आहे?"

"मांडव असेल ना!"

आप्पा म्हणाले, "एवढा मोठा हवाय कशाला? धाकटा घ्या. आटोपशीर. पालखी पुढे, आम्ही पुढे, लांब मारायचाय कोणाला?"

तेव्हा खांबापाशी बसलेला सखाराम बोलला. त्या देवळात त्याचा ढोल आजवर पुष्कळ बोलला असेल, तो स्वतः बोललेला मी पहिल्यांदा ऐकला. "मागं पोचंल असा घ्या ना, आप्पा."

 आप्पांनी पान जुळवलं, चुना लावला, विडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "देवीला विचारू."

आमच्याकडे वाद मिटेनासा झाला की कौल लावतात. देवीच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमिनीचे, लग्नाचे, विहिरीचे कौल मी बघितले होते. फ्लॅशचा पहिलाच. गुरवाने हात जोडले, त्याच्या प्रत्येक वाक्याला सभेने साथ धरली.

"बाय माझे, बारा वाड्यांची राखणकर्ती तू…"

"व्हय म्हाराजा!"

"आज तुझी लेकरं एका जागेवर जमून, फ्लॅश घेण्याच्या विचारात पडली आहेत…"

"व्हय म्हाराजा!"

"धाकटा घ्यावा का थोरला घ्यावा, याचा उलगडा कुणाला होत नाही. थोरला घ्यावा अशी तुझी इच्छा असेल, आणि त्याचे सेल, चार्जर, वॉरंटी…" गुरव सतीशकडे वळला, "अजून काय?" सतीश म्हणाला, "डिफ्यूजर." गुरव म्हणाला, "…आणि जे काय असेल ते सगळं सुखरूप राहणार असेल, तर उजवी दे!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी पडली. तळ्याकडच्या वाडीतली माणसं एकमेकांकडे बघून हसली. आप्पासुद्धा हसले. उठता उठता माझ्या कानाशी म्हणाले, "मोठा घ्या म्हणाली. मागे पोचवा म्हणाली नाही."

त्या माणसाला कायद्याचं शिक्षण दिलं असतं तर कोकणातली एकही जमीन मूळ मालकाच्या नावावर राहिली नसती.

फ्लॅश मीच आणून दिला. मोठा, मान वळणारा, ताकद हाताने बदलता येणारा. शिमग्याला सतीशने बोलावलं, "नाना, नुसते उभे राहा. काही अडलं तर." मी सुलोचनाला शब्द दिलेला होता, म्हणून नुसता उभा राहायला गेलो.

सहाणेवर मांडव होता. मांडव म्हणजे बांबू आणि वर ताडपत्री. ताडपत्री कुठल्या रंगाची असते? जगात कुठेही जा, निळी. सतीशने फ्लॅशची मान वर केली, छताला मारायचा तसा ताडपत्रीला मारला, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघितला. अख्खा गाव निळा. आप्पा निळे, गुरव निळा, देवी निळी. साप चावून सगळं गाव एकदम गेल्यासारखं. ताडपत्रीवर आपटून उजेड तिचाच रंग घेऊन खाली येतो, हे रिव्ह्यूवाल्याला कोणी सांगणार? त्याच्या घरी छत पांढरं असणार.

"समोरून मार," आप्पा म्हणाले. "जोरात मार. देवीने मोठा दिलाय."

सतीशने पूर्ण ताकदीने समोरून मारला. पुढची रांग अशी पांढरी झाली की जणू मानकरी पिठात घोळून तळायला काढलेत. चांदीच्या मुखवट्यांवर उजेड आपटून देवीच्या जागी नुसता चट्टा. आणि मागे फणसाखाली, इतकं करून, चार-दोन नाकं.

मग सतीशने कॅमेरा माझ्या हातात दिला. "नाना, तुम्हीच बघा."

मोठा फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवून मागची रांग उजळायला जाल तर पुढची जळते. पुढची सांभाळाल तर मागची बुडते. मग फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवायचाच नाही. उंच बांबूच्या टोकाला बांधायचा, एका बाजूला उभा करायचा आणि तोंड मागच्या रांगेकडे करायचं. पुढच्यांना त्याची कड मिळते, मधल्यांना जरा जास्त, भर मागच्यांवर. चांदीवरचा चट्टाही जातो, कारण उजेड तिरका येतो आणि तिरकाच निघून जातो. यासाठी पूर्वी मी लांबलचक वायर वापरायचो आणि प्रत्येक लग्नात तिच्यात एक तरी मामा अडकून पडायचा. सतीशने खिशातून दोन डब्या काढल्या, वायरीशिवाय हवेतूनच फ्लॅशला इशारा देणाऱ्या. माझा असल्या डब्यांवर विश्वास नव्हता. चालल्या. त्याच्याकडून मी एवढं एक घेतलं, आणि तसं त्याला सांगितलं नाही. अंक वाचला तर कळेल.

फ्लॅश बांबूला बांधून झाला. आता बांबू धरायचा कोणी? सहाणेची जमीन कातळाची, त्यात बांबू रोवता येत नाही. माणूसच हवा, आणि तो चौकटीच्या बाहेर हवा.

आप्पांनी मान मागे वळवलीसुद्धा नाही. "सखाराम, धर रे काठी. तुला काय, तू मागेच असतोस."

सखारामने गळ्यातून ढोल उतरवायला घेतला. लगेच. जन्मभराची सवय. बायकांच्या घोळक्यातून सुलोचना माझ्याकडे बघत होती. सासऱ्याला हाक मारून थांबवायची तिची टाप नव्हती, चारचौघांत सुनेने तोंड उघडायचं नसतं. माझ्याकडे बघायला मात्र बंदी नव्हती, आणि ती डोळे हलवत नव्हती.

मी म्हटलं, "थांबा."

"आता काय?" आप्पा म्हणाले.

"देवीवरची अब्दागिरी कोणी धरायची ते ठरलेलं आहे?"

"म्हणजे काय! दुसऱ्या मानाच्या घराने."

"चवरी?"

"तीपण ठरलेली आहे. विचारता काय नाना, एवढी वर्षं येताय."

"मग देवीवर उजेड धरायचा तो वाटेल त्याने? आज पहिल्यांदा धरताय. आज ज्याच्या हातात काठी, त्याच्या घराण्याकडे ती कायमची. नंतर माझ्याकडे तक्रार आणू नका."

 दुसऱ्या मानाचे वसंतराव पुढे सरकले. "बरोबर बोलतात नाना. अब्दागिरी आमची, तर उजेडही आमच्याकडेच यायला हवा. दोन्ही डोक्यावर धरायच्या वस्तू."

"डोक्यावर धरायच्या म्हणून तुमच्या?" आप्पा म्हणाले. "मग छपरावरची कौलंपण तुमचीच म्हणा! देवीचं मुख पहिल्या मानाने बघायचं. उजेड नसेल तर मुख कुठलं? उजेड पहिला."

"आप्पा, प्रत्येक गोष्टीत पहिले तुम्ही?"

"पहिला मान म्हणजे पहिला. त्याचा अर्थ शाळेत शिकवला नाही वाटतं तुम्हाला."

वसंतरावांनी अब्दागिरीकडे बघितलं, आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मागे सनईवाला एका सुरावर अडकला होता, तोही थांबला. शेवटी वसंतराव पुटपुटत आपल्या जागेवर गेले. आप्पांनी उपरणं सारखं केलं, चपला काढल्या, बांबूला हात लावून कपाळाला लावला आणि काठी धरली. ताठ उभे राहिले. पहिल्या मानाचा माणूस काठी कशी धरतो ते बघायचं असेल तर त्या दिवशी यायला हवं होतं. फ्लॅश इतका स्थिर मला कुठल्या लोखंडी स्टँडवरही मिळालेला नाही.

"आप्पा, जरा उजवीकडे. अजून. अजून जरा. हां, तिथे."

आता ते चौकटीच्या पुरते बाहेर होते. सखारामने ढोल पुन्हा गळ्यात अडकवला आणि फणसाखाली गेला. मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. जोवर सगळ्यांचे डोळे उघडे येत नाहीत तोवर दाबलं.

कोणी म्हणेल, नाना खोटं बोलला. मी विचारतो, कुठलं वाक्य खोटं? मान तयार तरी कसा होतो? कोणीतरी कधीतरी मोठ्याने म्हटलं आणि बाकीच्यांनी भांडून तो खरा केला. माझ्या बाबतीत तर भांडण माझ्यासमोरच झालं.

पालखी घरोघर फिरून देवळात परत गेली, त्यानंतरच्या सोमवारी मी फ्रेम करून फोटो घेऊन गेलो. हा फोटो दर वर्षी सभामंडपात लागतो. माणसं जमली. पहिल्यांदा सगळ्यांनी आपापलं तोंड शोधलं, ते जगभर तसंच करतात. मग फणसाकडे बोटं गेली. सनईवाला फुगलेल्या गालांसकट आलेला. ताशावाला आलेला. आणि कडेला सखाराम, ढोलावर वाकलेला, एक भुवई वर, तोंड अर्धवट उघडं. देखणा आला नव्हता. पण डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या मोजाव्यात इतका लख्ख आला होता.

सुलोचना हळूच म्हणाली, "हे बघा मामंजी, हे तुम्ही."

त्याने फ्रेमला नाक टेकवलं.  मग म्हणाला, "मी कुटला? ह्यो तर माजा बापूस."

त्याच्या बापाचा फोटो नाही. तोही त्याच फणसाखाली उभा राहायचा.

इतक्यात आप्पा आले. गर्दी बाजूला झाली. त्यांनी चष्मा लावला, पुढची रांग डावीकडून उजवीकडे बघितली, उजवीकडून डावीकडे बघितली. त्यांच्या जागेवर त्यांचा पुतण्या उभा होता, आणि पुतण्याने जांभई दिलेली होती.

"मी कुठाय?"

 सतीशला एकदम मुंबईहून फोन आला आणि तो बाहेर गेला.

"तुम्ही उजेड धरला होता, आप्पा," मी म्हटलं.

"ते मला ठाऊक आहे. मी विचारतो, फोटोत कुठाय?"

"उजेड धरणारा फोटोत येत नाही. मी पण कधी आलो नाही."

ते तांबडे झाले. "पहिल्या मानाशिवाय पालखीचा फोटो? हा देवळात लागायचा नाही. खाली ठेवा. पुढल्या साली बघू."

पुढल्या साली ढोलावर सखाराम नसणार होता. सुलोचनाने फ्रेम दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. हातोडी माझ्याकडे होती आणि खिळा माझ्या तोंडात. लोक मला हट्टी म्हणतात, ते काही उगाच म्हणत नाहीत. मी तिच्या हातातून फ्रेम घेतली, खिळा ठोकला आणि फोटो टांगला. वर म्हटलं, "काढायचा असेल त्याने स्वतःच्या हाताने काढावा. देवी समोर आहे."

आप्पांनी हात पुढे केला नाही. देवीकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि सगळ्या गावासमोर, घरातल्या शेंडेफळाने करावी तशी तक्रार केली, "पण मग माझं काय?"

सखाराम अजून भिंतीपाशीच होता. त्याने फेटा काढला, झटकला, परत बांधला. म्हणाला, "आप्पा, पुडल्या शिमग्याला माज्या गळ्यात ढोल नाय. हात मोकळेच हायत. काठी मी धरतंय."

आप्पांचा चेहरा जरा सैल झाला.

"तुमी माज्या जाग्यावर उबे ऱ्हावा," सखाराम म्हणाला. "फणसाखाली. आता तितपर्यंत उजेड येतो."